कादंबरीतली बाई कोणाची?

मराठी साहित्यात स्त्रीवाद रुजला, असं आम्हाला सांगितलं जातं. रुजला असेल. पण कोणत्या स्त्रीचा?

आम्ही खराडीत काम करतो. सकाळी आयटी पार्कच्या रस्त्यावर उभं राहून बघा. एक बाई लॅपटॉप घेऊन कॅबमध्ये बसते. दुसरी त्याच टॉवरमध्ये धुणीभांडी करायला शिरते. तिसरी कचऱ्याची ढकलगाडी ओढते. आजच्या बहुतेक कथा-कादंबऱ्यांत पहिलीचं मन पानोपानी उलगडतं. दुसरी 'मावशी' म्हणून एका वाक्यात येते नि जाते. तिसरी येतच नाही.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं : लेखकाने अनुभवाबाहेरचं लिहू नये. जिने घासलेल्या ताटात रोज जेवता, ती अनुभवाबाहेर कशी राहिली? हे कुंपण अनुभवाचं नाही, जातीचं आहे.

कविता महाजनांच्या 'ब्र'ने (२००५) आदिवासी महिला सरपंच कादंबरीत आणल्या, हे मोठं काम. तरी तिथेही गोष्ट आपल्यापर्यंत येते ती संस्थेतल्या कार्यकर्तीच्या नजरेतून.

मग स्वतः लिहिणाऱ्यांचं काय? बेबीताई कांबळेंनी फलटणला दुकान सांभाळत, घरच्यांपासून लपवून 'जिणं आमुचं' लिहिलं. ऊर्मिला पवारांचं 'आयदान' २००३चं. दोन्ही पुस्तकं 'दलित आत्मकथन' या कप्प्यात टाकली की समीक्षा मोकळी! म्हणजे आमच्या बायांनी साक्ष द्यायची आणि साहित्य तुम्ही घडवायचं? ऊर्मिलाताई तर कथाकार. त्यांच्या 'कवच'मधली आंबेवाली आई द्विअर्थी टोमण्यांना भर बाजारात पुरून उरते. ही बाई बिचारी नाही. म्हणूनच ती पचत नाही.

आता आपल्या घराकडेही बघू. भावांनो, आपल्या लेखनातही बाई म्हणजे बहुधा झिजणारी माय. बेबीताईंनी वस्तीतल्या सुनांचे हाल लिहिले, ऊर्मिलाताईंनी घरातली पुरुषसत्ता दाखवली. त्यावर 'घरचं बाहेर कशाला?' हा सूर आजही आपल्यातूनच निघतो. १९४२च्या नागपूर महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. ते माप आपल्या साहित्यालाही लावा.

जयंतीच्या वर्गणीतला काही हिस्सा पुस्तकांना द्या. वस्तीच्या अभ्यासिकेत ही पुस्तकं मोठ्याने वाचा आणि ऐकायला मुलांनाही बसवा. धुणीभांडी करणाऱ्या आईच्या मुलीच्या हाती वही द्या. तिने काय लिहावं, हे मात्र तिलाच ठरवू द्या.

जय भीम!