एका प्रकाशकणाची प्रतीक्षा

जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे २०२३ मध्ये 'ॲल्प्स-२' हा प्रयोग सुरू झाला. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात भिंतीवर लेसरचा झोत सोडायचा आणि त्यातील एखादा प्रकाशकण ॲक्सिऑनसारख्या कल्पित कणात पालटून पलीकडे पुन्हा प्रकटतो काय, हे पाहायचे! तो टिपण्यासाठी टंगस्टनच्या अतिसंवाहक पापुद्र्याचा संवेदक तेथे विकसित होत आहे. निरपेक्ष शून्यापासून एका अंशाच्याही आत, अतिसंवाहकतेच्या उंबरठ्यावर ठेवलेल्या या पापुद्र्याचा विद्युत्‌रोध एकाच प्रकाशकणाच्या उष्णतेने बदलतो. असे कौशल्य बाजारात मिळत नाही; ते प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे मुरावे लागते. भारतानेही २०२३ मध्येच सहा हजार कोटींहून अधिक रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले. एकल प्रकाशकणांचे संवेदक त्याच्या उद्दिष्टांत आहेत. १९६५ मध्ये कोलारच्या खाणीत न्यूट्रिनोची नोंद करणाऱ्या चमूत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ होते. त्या देशात हा निधी आयात शीतयंत्रांच्या खरेदीतच जिरू नये.