फास्ट म्हणजे काय गं आजी?



दशलक्षण पर्व जवळ आलं की बस्तीत, लग्नाकार्यात, फोनवर एकच प्रश्न सुरू होतो, "यंदा किती उपवास?" मागच्या वर्षी आमच्या नातीने मात्र वेगळाच प्रश्न विचारला. इंग्रजी शाळेत चौथीला होती तेव्हा. "आजी, फास्ट म्हणजे भरभर ना? मग उपवासाला फास्ट का म्हणतात? त्या दिवशी तर वेळ जाता जात नाही!"

मला उत्तर येईना. दोघींनी मिळून तिची डिक्शनरी काढली. एवढ्याशा शब्दाला केवढे अर्थ! फास्ट लोकल म्हणजे वेगाची. घड्याळ फास्ट म्हणजे पुढे पळणारं. फास्ट मूव्हिंग माल म्हणजे हातोहात खपणारा, हा मला बी.कॉम.पासून ठाऊक. फास्ट अस्लीप म्हणजे गाढ झोपेत, जशा आपण कधीकधी दुपारच्या स्वाध्यायात असतो. आणि ब्रेकफास्ट तर चक्क पारणंच निघालं! रात्रभराचा उपवास सकाळी सोडायचा, म्हणून ब्रेकफास्ट. रात्री न जेवणाऱ्या आपल्याला हे समजावून सांगायला नको.

पण या शब्दाचा जुना, मूळचा अर्थ वेगाचा नाहीच. तो आहे घट्ट, पक्का, जागचा न हलणारा. विमानात पट्टा 'फासन' करायला सांगतात, तो यातलाच. घेतलेला नेम घट्ट धरून ठेवायचा, म्हणून उपवास फास्ट झाला. वेगाचा अर्थ मागाहून आला.

साडी घेताना आपण विचारतो ना, "रंग फास्ट आहे ना हो?" म्हणजे धुतल्यावर जाणार नाही ना? हा अर्थ वाचला आणि मला माझाच एक उपवास आठवला.

अकरा वर्षांपूर्वी मी दहा उपवास केले होते. सूनबाई नुकतीच लग्न होऊन आलेली. दहाही दिवस पहाटे उठून ती माझं पाणी गाळून उकळून ठेवायची, पूजेची तयारी करायची आणि मग ऑफिसला पळायची. बस्तीत माझा सत्कार झाला. पारण्याच्या सकाळी पाहुणे जमले, सुनेने मुगाचं कढण आणलं. ते कोमट झालं होतं. चारचौघांदेखत मी तिच्यावर ओरडले. ती काही बोलली नाही, वाटी उचलून आत गेली. पर्वाचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा, आणि माझा रंग पहिल्याच पाण्यात गेला. क्षमावाणीला मी सगळ्यांना हात जोडले. तिला सोडून.

उपवासांची बेरीज आपण जमेच्या बाजूला मांडतो. पारण्याच्या दिवशीचा राग नावे कोण लिहितं?

आता मला शुगर आहे, डॉक्टर उपवासाला नाही म्हणतात. "वहिनी, यंदा नाही का?" असं कोणी विचारलं की मान खाली जायची. एकदा लाजेपोटी उपवास धरला आणि अभिषेकाच्या वेळी चक्कर येऊन खाली बसले. माझ्यामुळे सुनेची दोन दिवस रजा गेली. अंगावर पिणारं बाळ असलेली एक मुलगीही याच प्रश्नापायी उपवास करताना मी पाहिली आहे.

दहा दिवसांत आपण तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय ऐकतो. नवव्या अध्यायात तपाचे बारा प्रकार आहेत, सहा बाह्य आणि सहा अंतरंग. अनशन हा त्यातला फक्त एक. कमी जेवणं, रस सोडणं, विनय, सेवा, स्वाध्याय ही सगळी तपंच आहेत. सोळाकारण भावनांतही तप 'शक्तितः' सांगितलं आहे, आपापल्या शक्तीप्रमाणे. शेजारणीच्या शक्तीप्रमाणे नव्हे! ज्यांना झेपतात त्यांनी दहा काय, अधिकही करावेत, मी त्यांच्या पाया पडेन. पण "किती?" हा प्रश्न आपण बायकांनी एकमेकींना विचारणं थांबवावं, असं मला मनापासून वाटतं. आकडा विचारला की उपवासही फास्ट मूव्हिंग माल होतो. आणि सून पहाटे उठून सगळ्यांचं करते, त्या वैयावृत्त्याचा सत्कार बस्तीत कोणी केलेला मी तरी पाहिला नाही.

नातीला मी सांगितलं, "फास्ट म्हणजे पक्कं." ती म्हणाली, "मग मी दादाशी न भांडण्याचा फास्ट करते." संध्याकाळपर्यंत टिकला.

त्या वर्षीच्या क्षमावाणीला मी स्वयंपाकघरात जाऊन सूनबाईसमोर हात जोडले. म्हटलं, "त्या कढणाबद्दल, दहा वर्षं उशीर झाला." तिने माझे हात धरले. मग हळूच म्हणाली, "आई, कढण खरंच कोमट होतं हो."