डावखुऱ्यांची सतार
पॉल मॅककार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गात व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बेस गिटार घेतली. दोन्ही अंगे सारखी असल्याने ती डावखुऱ्याच्या हातीही शोभते. त्या घाटाच्या नव्या प्रती आज डावखुऱ्यांसाठीही निघतात. सतारीचे मात्र तारा उलट्या चढवून भागत नाही. चिकारीच्या आणि तरफांच्या खुंट्या एकाच अंगाला, म्हणून दांडीच उलटी घडवावी लागते. ‘दोन्ही हात लागतातच, मग उजव्यानेच शिका’ हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण लय मिजराबीच्या हातात असते, आणि तो हात वादकाच्या स्वाभाविक कलाचाच हवा. खर्चाचा मुद्दा कारखान्यांना अडवतो. मिरजेत मात्र २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली सतार हातानेच घडते. तिथे साचा बदलण्याचा प्रश्नच नाही. संगीत शिक्षकांनी विद्यार्थ्याचा हात बदलण्याआधी तिथल्या कारागिराला विचारावे.