लिटरभर पाण्याचा हिशेब
संगणकाचे जलशीतन, म्हणजे प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या ठोकळ्यातून वाहत्या पाण्याला देऊन पंपाने ती रेडिएटरपर्यंत, पंख्यांनी वारा घातलेल्या जाळीपर्यंत नेणे, नांदेड-लातुरात योजताना आधी मे महिना लक्षात घ्यावा लागतो. कारण खिडकीतल्या कूलरात पाण्याची वाफ होऊन हवा गार होते, पण या बंद नळीतले पाणी खोलीतल्या हवेहून गार होऊच शकत नाही, आणि खोलीच 40 अंशांवर असेल तर मोठा रेडिएटरही फक्त पाणी आणि हवा यांच्या तापमानातला फरक कमी करतो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या लातुरात हा छंद उधळा वाटेल, पण त्याला जेमतेम लिटरभर पाणी पुरते. मात्र ते बोअरचे नव्हे, डिस्टिल्डच हवे, अन्यथा ठोकळ्यातल्या बारीक खाचा क्षारांनी बुजतात.