साथींना सीमा नसतात, निधीला असतात

जागतिक आरोग्य संघटनेतून अमेरिका २२ जानेवारी २०२६ रोजी बाहेर पडली. अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी वर्षभरापूर्वी, सत्तेवर येताच काढलेला आदेश पूर्वसूचनेची मुदत संपताच अमलात आला. संघटनेचा सर्वांत मोठा पोशिंदा असा निघून गेल्यावर चर्चा झाली ती प्रामुख्याने ट्रम्प यांच्या लहरीपणाची. मूळ दुखणे मात्र त्याहून जुने आहे.

१९४८ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेकडे पैसा दोन वाटांनी येतो. पहिली, सदस्य देशांची बंधनकारक वर्गणी. ती प्रत्येक देशाची संपत्ती व लोकसंख्या पाहून ठरते. दुसरी, देश आणि गेट्स प्रतिष्ठानसारख्या संस्थांच्या ऐच्छिक देणग्या. वर्गणी वर्षानुवर्षे फारशी वाढू दिली गेली नाही. परिणामी एकूण उत्पन्नातील तिचा वाटा २० टक्क्यांच्याही खाली घसरला. देणग्यांचा बहुतांश पैसा विशिष्ट कामासाठीच राखून ठेवलेला असतो. म्हणजे दुखणे कुठे आहे हे संघटनेने सांगायचे आणि औषध कशावर द्यायचे हे देणगीदाराने ठरवायचे, असा हा कारभार आहे.

याचे दोन्ही परिणाम भारताने पाहिले आहेत. १९८८ मध्ये सुरू झालेल्या पोलिओ निर्मूलन मोहिमेला जगभरातून निधी मिळाला. देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. या मोहिमेसाठी उभारलेली देखरेख यंत्रणा पुढे गोवरासारख्या आजारांसाठीही उपयोगी पडली. पण एका रोगाच्या पैशावर पोसलेली यंत्रणा तो पैसा आटताच अडचणीत येते. रोगावर नजर ठेवणाऱ्या माणसांचा पगार हा कोणत्याही देणगीदाराला मिरवण्याजोगा खर्च वाटत नाही.

हे ओळखूनच २०२२ मध्ये सदस्य देशांनी वर्गणीचा वाटा टप्प्याटप्प्याने मूळ अर्थसंकल्पाच्या निम्म्यावर नेण्याचे ठरविले. मे २०२५ मध्ये वर्गणीत २० टक्के वाढही मंजूर झाली. तरीही २०२६-२७ या दोन वर्षांच्या मूळ कार्यक्रमांची तरतूद ५३० कोटी डॉलरवरून ४२० कोटींवर आणावी लागली. म्हणजे वर्षाला २१० कोटी डॉलर. मुंबई महापालिकेच्या ७४ हजार कोटी रुपयांच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाचा हा साधारण चौथा हिस्सा भरतो. त्यातून साऱ्या जगाच्या आरोग्याची राखण करायची आहे! याच सभेत चीनने पाच वर्षांत ५० कोटी डॉलर देण्याची घोषणा केली. पोशिंदा बदलल्याने परावलंबन संपत नाही, याचे भान ठेवलेले बरे.

प्रश्न केवळ पैशाचा नाही, विश्वासाचाही आहे. २००७ मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूच्या विषाणूंचे नमुने देण्यास नकार दिला. आमच्या नमुन्यांवरून बनलेली लस आम्हालाच परवडणार नसेल तर ते द्यायचे कशासाठी, हा त्या देशाचा सवाल रास्त होता. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेच्या तडाख्यात भारताने लशींची निर्यात रोखली. तेव्हा पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटवर विसंबलेले आफ्रिकेतील अनेक देश ताटकळले. भारताची निकड खरी होती आणि त्या देशांचीही. अशा वेळी वाटप कसे व्हावे, याची चौकट आधीच ठरलेली नव्हती. २० मे २०२५ रोजी स्वीकारलेल्या महासाथ करारात नमुने व लशींच्या देवाणघेवाणीचे तत्त्व मान्य झाले. तपशील मात्र पुढील वाटाघाटींवर सोडण्यात आला आणि खरी गाठ तेथेच आहे.

लस उत्पादनातील भारताचे स्थान पाहता ही गाठ सोडविण्यात त्याने पुढाकार घ्यायला हवा. त्यासाठी आपली वर्गणी वाढविण्याची तयारी हवी आणि लशींच्या न्याय्य वाटपाचे बंधन स्वतःवरही घालून घ्यायला हवे. अग्निशमन दलाचा खर्च आग लागल्यावर वर्गणी काढून कोणतेही शहर भागवत नाही. साथींच्या बाबतीत जग मात्र आजवर नेमके तेच करत आले आहे.