पिल्लाशी दोरी खुशाल ओढा

घोडबंदर रोडचा टॉवर असो की डोंबिवली पूर्वेची तीन मजली इमारत, घरात नवं पिल्लू आलं की पहिली तक्रार ठरलेली: चावतं. मग नाकावर टिचकी बसते, नाहीतर बाथरूममध्ये कोंडणं. हे चावणं बहुतेक वेळा खेळाचं बोलावणं असतं आणि शिस्त लावायला खेळाहून चांगलं साधन घरात दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे. पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवायची, ढुंगण वर ठेवायचं, ही मुद्रा आपण सगळ्यांनी पाहिली आहे. कुत्री ती केव्हा करतात, हे अमेरिकी संशोधक मार्क बेकॉफ यांनी १९९५ मध्ये दाखवलं: चावून डोकं झटकण्यासारखी, भांडण वाटेल अशी कृती करण्याच्या जरा आधी किंवा लगेच नंतर. समोरच्याचा गैरसमज होऊ नये, याची काळजी खेळातच घेतलेली असते. आपण त्यात आपला एखादा नियम घालायचा.

ओढाताणीच्या खेळासाठी जुन्या ओढणीची घट्ट वेणी घाला. पिल्लू खाली बसलं तरच ती त्याच्यासमोर येईल. ‘सोड’ म्हटलं की आपला हात स्थिर. ओढाताण थांबली की मजा संपते आणि तोंड उघडतं. उघडताच खेळ पुन्हा सुरू. सोडण्याचं बक्षीस म्हणजे पुन्हा ओढायला मिळणं! दात कातडीला लागले, तर खेळ काही क्षण बंद. दुधाचे दात पडण्याच्या वयात मात्र ओढ हलकी हवी, हिसका नको.

अशाने कुत्रं डोक्यावर बसेल, ही भीती जुनी आहे. ब्रिटनमध्ये निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी १४ गोल्डन रिट्रीव्हर घेऊन ती तपासली, २००२ मध्ये निष्कर्ष छापले. कुत्रे जिंकोत वा हरोत, त्यांचा वरचढपणा वाढला नाही. उलट खेळानंतर ते माणसाकडे जास्त लक्ष देऊ लागले. जिंकू दिलेले काही फार खेळकर कुत्रे आणखी खेळ मागत राहिले, एवढं खरं. म्हणून खेळ सुरू आणि बंद आपणच करावा.

खाऊने काम भागत नाही का? भागतं. नवी गोष्ट शिकवायला खाऊच बरा, कारण पिल्लू शांत राहतं. पण ‘ये’ म्हटल्यावर धावत यायला हवं असेल, तर धावण्याचंच बक्षीस जास्त शोभतं. शिवाय २०१७ च्या एका प्रयोगात धड्यानंतर अर्धा तास खेळलेल्या लॅब्राडॉरांना दुसऱ्या दिवशी तोच धडा कमी प्रयत्नांत जमला. नुसती विश्रांती घेतलेले मागे पडले.

राहिला वेळेचा प्रश्न. मुंबईहून लोकलने रात्री घरी पोचणाऱ्या माणसाला अर्धा तास कुठला? पाच-पाच मिनिटांचे दोन डावही चालतील. लसी पूर्ण होईपर्यंत पार्वो या आजाराच्या धास्तीने पिल्लाला खाली उतरवत नाहीत, पुढे पावसाळा असतोच. त्या दिवसांत हॉलमधली सतरंजी हेच त्याचं मैदान. लिफ्टच्या दारात शांत बसण्याचा सरावही तिथेच, वेणी हातात धरून सुरू करता येतो.