यतीम नव्हे, बेघर

रमजान आला की मुंबई-पुण्याच्या यतीमखान्यांची पावतीपुस्तके कोकणात गावोगाव फिरू लागतात. आगरदांड्यातही फिरतात. लोक सढळ हाताने देतात. देणाऱ्यांच्या नेकीविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती एका गैरसमजुतीविषयी. त्या मुलांना जगात कोणी नाही, असे आपण धरून चालतो. आम्ही उर्दू शाळेचे शिक्षक. मुलाचा दाखला आमच्याच हातून जातो. तो न्यायला बहुतेक वेळा मुलाची आई येते. आई जिवंत आहे, धडधाकट आहे, चार घरची धुणीभांडी करते, मासळी सुकवते. नाही ते फक्त घर.

शरियतमध्ये यतीम म्हणजे ज्याचा बाप मुलगा वयात येण्यापूर्वी वारला तो. आई असली तरी मूल यतीमच. हा शब्द त्या मुलाच्या हक्कांच्या रक्षणासाठी आहे. आपण मात्र त्याचा अर्थ 'आईपासून उचलून संस्थेत ठेवण्यास पात्र' असा करून टाकला आहे.

ही आई बेघर होते कशी? नवरा वारला तेव्हा सासरा हयात होता. घर सासऱ्याच्या नावे. नवऱ्याच्या मिळकतीत बायकोला आठवा हिस्सा हे खरे, पण शून्याचा आठवा हिस्सा शून्यच. पुढे सासरा वारला की हयात मुलगे वारस होतात आणि मयत मुलाची मुले वगळली जातात. ज्या ओसरीवर ती रांगली, तिथे ती चुलत्यांची पाहुणी ठरतात. वर्ष-दोन वर्षे निभते. मग भांडीकुंडी बाहेर येतात आणि जमातीतला कोणी भला माणूस यतीमखान्याचा फॉर्म आणून देतो.

हे बोलले की 'शरियतमध्ये ढवळाढवळ नको' असा आवाज उठतो. ढवळाढवळ कोण करतो आहे? मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंत वसियत करण्याचा अधिकार शरियतनेच आजोबाला दिला आहे. वगळलेला नातू वारस नसल्यामुळेच त्याच्या नावे केलेली वसियत चालते. इतर वारसांची संमतीही लागत नाही. हयातीत हिबा करण्याची वाटही मोकळी आहे. इजिप्तने 1946 साली अशा नातवंडांसाठी वसियत बंधनकारक मानणारा कायदा केला. पाकिस्तानने 1961 च्या अध्यादेशाने मयत मुलाचा हिस्सा त्याच्या मुलांना देऊ केला. आपल्याकडे कायदा बदलण्याचीही गरज नाही. आजोबांना एक कागद करायला सांगणारा माणूस हवा. मय्यतीला सारा मोहल्ला जमतो, पण चाळिसावा होईपर्यंत हा विषय कोणी काढत नाही आणि नंतर तो भाऊबंदकीचा होतो.

आता सरकारकडे वळू. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार घर वा स्थिर निवारा नसलेले आणि उपजीविकेचे साधन नसलेले मूल 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले' ठरते आणि बाल कल्याण समितीपुढे येते. हाच कायदा सांगतो की संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे. उत्तम. पण समितीच्या हातात घर नाही. बालसंगोपन योजनेतून 2023 पासून दरमहा 2,250 रुपये मिळतात. त्यात पोराचे दूध, वह्या, औषध भागेल. भाडे भागणार नाही. दुसऱ्या कचेरीत प्रधानमंत्री आवास योजना आहे. सपाट प्रदेशात घराला 1 लाख 20 हजार, अल्पसंख्याकांसाठी शक्यतो 15 टक्के निधीही. पण तिथे पहिला प्रश्न, जागा कोणाच्या नावे? नमुना 8 चा उतारा सासऱ्याचा किंवा दिराचा. जागा खरेदीला अर्थसाहाय्य देणारी योजना आहे, पण तीही आधीच घरकुलाच्या यादीत बसलेल्यांसाठी. एक खाते मूल पाहते, दुसरे उतारा पाहते. आई कोणाच्याच रकान्यात नाही.

3 जून 2020 च्या 'निसर्ग' वादळाने आपल्या किनाऱ्यावरची छपरे उडवली, तेव्हाही हेच दिसले. पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख जाहीर झाले. घर ज्याचे, भरपाई त्याची. त्याच घराच्या मागच्या खोलीत राहणारीचे छप्पर उडाले, हिशेबात मात्र तिचे काहीच गेले नव्हते.

अमेरिकेसारख्या देशाने 1990 पासून 'फॅमिली युनिफिकेशन प्रोग्रॅम' चालवला आहे. योग्य घर नाही एवढ्याच प्रमुख कारणाने मूल आईबापांपासून तुटणार असेल, तर तिथे घरभाड्याची मदत देता येते. मूल उचलण्याआधी घर द्या, इतका साधा विचार. आपल्या जिल्ह्यात बाल कल्याण समितीच्या शिफारशीवर घरकुलाच्या यादीत नाव का चढू नये? गावठाणातली दोन गुंठे जागा तिच्या नावे का होऊ नये?

तोवर जमातीने हातावर हात ठेवून बसावे असे नाही. जकात हकदाराच्या हाती मालकीने पडावी, इमारतीच्या भिंतीत जाऊ नये, असे बहुतेक उलेमा सांगतात. मग भाड्याचे पैसे थेट त्या आईच्या हातात ठेवण्याइतकी निर्मळ जकात दुसरी कोणती? आमच्या गावांत आखातातल्या कमाईचे बंगले वर्षातले अकरा महिने कुलपात असतात. त्यांतली मागची एक खोली, लेखी करारावर, एका विधवेला देता येत नाही?

कोणी विचारील, यतीमखाने बंद करायचे काय? नाही. ज्याचे खरोखर कोणी नाही, त्याला ते हवेतच. पण आई असलेल्या मुलाला तिथे पाठवून आपण सवाब मिळवला असे समजू नये. मूल जगवल्याचे समाधान आपल्याला मिळते आणि किंमत मात्र ते मूल मोजते. आईचा हात सुटतो, भावंडे दोन गावांत विखुरतात आणि आमच्या हजेरीपटावरचे एक नाव कमी होते.

यंदा पावतीपुस्तक समोर आले की देणगी जरूर द्या. पण त्याआधी आपल्याच मोहल्ल्यात विचारा: गेल्या वर्षी कोणाचा दाखला गेला, त्याची आई कुठे राहते, आणि तिच्या सासऱ्याने वसियत केली आहे काय?